कुणी बघत होतं म्हणून? हॉथॉर्नच्या गोष्टीची उलटतपासणी

मानसशास्त्राचं पुस्तक, एमबीएच्या नोट्स किंवा यूपीएससीच्या लोकप्रशासनाचा अभ्यास, यातलं काहीही हाताळलं असेल तर ही गोष्ट तुमच्या कानावरून गेलेली असणार. अमेरिकेतल्या एका कारखान्यात संशोधकांनी दिवे प्रखर केले, उत्पादन वाढलं. दिवे मंद केले, तरी वाढलं. मग कामगारांना मधल्या सुट्ट्या दिल्या, वाढलं. सुट्ट्या काढून घेतल्या, तरी वाढलं. तात्पर्य काय, तर पैसा, उजेड, विश्रांती या सगळ्यापेक्षा 'कुणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय' ही भावना माणसाला जास्त काम करायला लावते. नाव : हॉथॉर्न इफेक्ट. पाच मार्कांचं उत्तर तयार.

उत्तर पाठ करायला सोपं आहे, आणि ज्याला पगार द्यायचा आहे त्याला तर ते ऐकायलाही फार गोड लागतं. म्हणूनच ते तपासून बघायला हवं. सुदैवाने हे काम गेली साठेक वर्षं वेगवेगळ्या विषयांच्या अभ्यासकांनी केलेलं आहे. विज्ञान, इतिहास, मानसशास्त्र आणि उद्योग हे चार विषय एकाच खोलीवर येऊन भांडले की काय हाती लागतं, याचं हॉथॉर्नइतकं चांगलं उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही.

आधी घटना. शिकागोला लागून असलेल्या सिसेरो गावात वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. टेलिफोनची यंत्रसामग्री तिथे बनायची. भरभराटीच्या काळात सुमारे ४० हजार माणसं तिथे कामाला होती. १९२४ साली तिथे प्रकाशाचे प्रयोग सुरू झाले. त्यात वीजदिव्यांच्या उद्योगाला रस होता, कारण जास्त उजेडाने जास्त काम होतं हे सिद्ध झालं असतं तर जास्त दिवे खपले असते. तसं काही सिद्ध झालं नाही. उत्पादन वरखाली होत राहिलं आणि उजेडाशी त्याचा सरळ संबंध लागेना.

एप्रिल १९२७ मध्ये दुसरा प्रयोग सुरू झाला, आणि खरी दंतकथा याच प्रयोगाची आहे. टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या पाच तरुण मुली आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी सहावी, अशा सहाजणींना मोठ्या विभागातून उचलून एका वेगळ्या खोलीत बसवलं. एका रिलेत तीसपेक्षा जास्त बारीक भाग, आणि तो जोडायला साधारण एक मिनिट. पुरा झालेला रिले घसरपट्टीतून खाली टाकला की यंत्र त्याची नोंद घेई. मुलींची वैद्यकीय तपासणी होई, त्यांच्या गप्पा लिहून ठेवल्या जात. सुट्ट्या, सकाळचा नाश्ता, लवकर घरी जाणं असे बदल एकामागून एक केले गेले. दोन वर्षांत उत्पादन जवळपास ३० टक्क्यांनी वाढलं.

या वाढीचा अर्थ लावायला हार्वर्ड बिझनेस स्कूलचे एल्टन मेयो आले. ते १९२८ साली पहिल्यांदा कारखान्यात आले, म्हणजे प्रयोग चालू होऊन वर्ष झाल्यावर. १९३३ च्या त्यांच्या पुस्तकाने आणि १९३९ साली आलेल्या रोथ्लिसबर्गर व डिक्सन यांच्या 'मॅनेजमेंट अँड द वर्कर' या जाडजूड ग्रंथाने एक अर्थ पक्का केला : या मुली आता एक जिव्हाळ्याचा गट झाल्या होत्या, त्यांना आपुलकीने वागवलं गेलं, म्हणून काम वाढलं. व्यवस्थापनशास्त्रात 'मानवी संबंध' नावाची शाखा उभी राहिली ती यावर.

आता गोष्टीतून काय गळलं ते पाहू.

पहिली गळती पैशाची. मोठ्या विभागात या मुलींची कमाई सुमारे शंभर जणींच्या एकत्रित कामावर ठरायची. खोलीत आल्यावर ती त्यांच्या छोट्या गटाच्याच कामावर ठरू लागली. म्हणजे हात भरभर चालवला तर पाकिटात दिसणार. हा बदल इतर बदलांच्या आधीच केलेला होता. याच कारखान्यात दुसऱ्या एका गटाला विभागातच ठेवून फक्त मजुरीची पद्धत बदलून पाहिली, तेव्हाही उत्पादन वाढलं आणि पद्धत पूर्ववत केल्यावर ते घसरलं. हा निकाल अधिकृत ग्रंथात छापलेला आहे, पण त्याला जेवढं वजन द्यायला हवं होतं तेवढं दिलं नाही.

दुसरी गळती दोन माणसांची. जानेवारी १९२८ मध्ये पाचांपैकी दोघींना खोलीतून काढलं. कारण काय, तर त्या फार बोलतात आणि कामात सहकार्य करत नाहीत. त्यांच्या जागी दोन चपळ मुली आणल्या आणि आकडे वर गेले. आपुलकीच्या गटाची गोष्ट सांगायची आणि न जुळणाऱ्या दोघींना बाहेर ठेवायचं, हे एकाच प्रयोगात घडलं. परीक्षेच्या नोट्समध्ये या दोघी सापडत नाहीत.

तिसरी गळती अंकगणिताची. सुट्ट्या काढून घेतल्या तरी उत्पादन वाढलं, हे ज्या बाराव्या टप्प्याबद्दल सांगतात, त्यात आठवड्याचे कामाचे तासच वाढले होते. एकूण रिले जास्त झाले, पण तासामागचा वेग थोडा उतरला होता.

हे सगळं बाहेर कुणी काढलं? १९६७ साली अ‍ॅलेक्स केरी या ऑस्ट्रेलियातल्या मानसशास्त्रज्ञाने मूळ अहवाल बारकाईने वाचून झोड उठवली. त्याचं म्हणणं, या पुराव्यातून निघतं ते जुनंच शहाणपण : पैसा आणि धाक. १९७४ साली एच. एम. पार्सन्सने 'सायन्स' या नियतकालिकात वेगळा मुद्दा मांडला. मुलींना आपण किती रिले केले हे दिवसभर कळू शकत होतं, आणि त्या आकड्याला पैसे जोडलेले होते. आकडा कळणं आणि त्याचा मोबदला मिळणं, एवढ्यावरही वाढ समजावता येते. २०११ साली स्टीव्हन लेव्हिट आणि जॉन लिस्ट या अर्थतज्ज्ञांनी प्रकाशाच्या प्रयोगाची, नष्ट झाली असं मानली जाणारी आकडेवारी शोधून काढली. दिवे बदलले जात ते रविवारी, कारखाना बंद असताना. सोमवारचं काम शनिवारपेक्षा जास्त भरलं की श्रेय दिव्यांना, नाहीतर निरीक्षणाला. पण दिवे न बदललेल्या आठवड्यांतही सोमवारी काम जास्तच होत होतं. दंतकथेतल्या ठळक परिणामांतलं फारच थोडं शिल्लक राहिलं.

या सगळ्यांत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते इतिहासकार रिचर्ड गिलेस्पी यांचं १९९१ चं 'मॅन्युफॅक्चरिंग नॉलेज'. बाकीचे विचारतात, उत्पादन का वाढलं? गिलेस्पी विचारतात, इतक्या कारणांतून हेच एक कारण का निवडलं गेलं? कंपनीच्या कागदपत्रांतून ते दाखवतात की कारखान्यातल्या अधिकाऱ्यांचं आणि संशोधकांचं आपापसात एकमत नव्हतं. मजुरीचा मुद्दा त्यांच्यासमोर होता. पुढे जो अर्थ टिकला तो कंपनीला परवडणारा, हार्वर्डला प्रतिष्ठा देणारा आणि नव्या शाखेला पाया देणारा होता. पुस्तक वाचायला जड आहे, बैठका आणि पत्रव्यवहार यांत वाचक अडकतो. आणि त्या मुलींचं बोलणं आपल्यापर्यंत पोचतं ते बहुतेक वेळा त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्याच्या वहीतून. ही मर्यादा मोठी आहे, पण ती साधनांची आहे.

केरीशी मात्र माझं पूर्ण जमत नाही. लक्ष आणि आपुलकी यांची भाबडी गोष्ट मोडताना तो माणसाला पैसा आणि धाक यांच्यात कोंबतो. त्याच कारखान्यातला आणखी एक प्रयोग त्याला उत्तर देतो. नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ या काळात वायरिंग करणाऱ्या १४ पुरुषांचं नुसतं निरीक्षण केलं गेलं. त्यांना गटाच्या कामावर पैसे मिळत होते आणि समोर निरीक्षक बसलेला होता. तरी त्यांनी दिवसाचं काम आपसात ठरवून घेतलं होतं. जास्त करणाऱ्याच्या दंडावर सहकारी ठोसा मारत. जास्त काम दाखवलं तर दर कापतील किंवा माणसं कमी करतील, ही भीती होती. महामंदी चालू होती, शेजारचे लोक घरी बसत होते. लक्ष दिलं की काम वाढतं, हे खरं असेल तर या खोलीचं काय करायचं? आणि माणूस फक्त पाकिटाकडे बघतो, हे खरं असेल तरी काय करायचं? या १४ जणांनी दूरचा हिशेब केला होता, आणि तो सगळ्यांनी मिळून केला होता.

म्हणूनच 'संशोधनात विविधता हवी' हे वाक्य एरवी कितीही गुळगुळीत वाटलं, तरी इथे त्याला धार आहे. उद्योगाने प्रयोग केला, मानसशास्त्राने अर्थ दिला, आणि तिथेच थांबलं असतं तर आपण आजही तेच खरं मानलं असतं. दुसऱ्या विषयाच्या माणसाने पहिल्याची कपाटं उघडली, आकडे पुन्हा मोजले, काढलेल्या दोघींबद्दल विचारलं, तेव्हा ज्ञान पुढे गेलं. चार विषय एका परिसंवादात शेजारी बसून एकमेकांचं कौतुक करतात, त्याने हे होत नाही.

तुमचा याच्याशी काय संबंध? ऑफिसात पगारवाढीऐवजी 'एम्प्लॉयी एंगेजमेंट'चा फॉर्म येतो, डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला अ‍ॅपवर स्टार आणि बॅज मिळतात, टीम लंचला 'आपण एक कुटुंब आहोत' असं ऐकवलं जातं. त्यामागे कुठेतरी त्या खोलीचा गोड अर्थ उभा असतो. तो अर्थ साफ खोटा नाही. माणसाला नीट वागवलेलं आवडतंच. पण त्याच खोलीतल्या मुलींना संशोधकांनी कारण विचारलं होतं आणि त्यांनी उत्तरही दिलं होतं, जे अधिकृत ग्रंथातच नोंदवलेलं आहे. इथे डोक्यावर साहेब नाही, आपल्या गतीने काम करता येतं आणि मोठ्या गटात न अडकता आपण कमावलेलं आपल्याला मिळतं, असा त्याचा आशय. स्वातंत्र्य आणि मजुरी, दोन्ही एकाच उत्तरात. ग्रंथकारांनी त्यातलं पहिलं उचललं आणि दुसऱ्यावरून पुढे गेले.