सोनोग्राफी यंत्रांची विभेदनक्षमता चाचणी : नियमनातील एक उणीव

गर्भलिंगनिदानावर महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात प्रथम कायद्याने नियंत्रण आणले. १९९४ मध्ये केंद्रीय कायदा झाला. त्यानुसार सोनोग्राफी केंद्राची नोंदणी होते, प्रत्येक गर्भवतीचा ‘एफ’ नमुना भरला जातो. हे आवश्यकच आहे. परंतु यंत्र कोठे आहे व कोण चालविते, हे त्यातून कळते. ते किती स्पष्ट दाखविते, हे कळत नाही.

दोन निकटचे बिंदू वेगळे दाखविण्याची क्षमता म्हणजे विभेदनक्षमता. ऊतिसदृश ‘फँटम’मधील बारीक नायलॉन तंतूंवर ती तपासता येते. प्रोबमधील काही स्फटिक निकामी झाले तरी चित्र उमटतच राहते. म्हणून नुसत्या नजरेवर विसंबता येत नाही.

क्ष-किरण यंत्रांची गुणवत्ता चाचणी अणुऊर्जा नियामक मंडळाने बंधनकारक केली आहे. सोनोग्राफीत आयनकारी किरणोत्सर्ग नसल्याने ती या कक्षेबाहेर राहते. मात्र अस्पष्ट प्रतिमेची किंमत रुग्णच मोजतो. पोलादपूरच्या डोंगरी वाडीतून महाडला आलेल्या गर्भवतीस फेरतपासणीसाठी मुंबई गाठणे सोपे नाही.

खर्चाचा आक्षेप रास्त आहे; पण दोन्ही तालुक्यांस मिळून एक फिरता फँटम पुरेल. नोंदणीच्या पंचवार्षिक नूतनीकरणावेळी त्याचा अहवाल मागितला जावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.