अलंकार आणि जामीनदार

दहावी-बारावीच्या इंग्रजी गाइडात शेवटाकडे एक यादी असते. सिमिली, मेटॅफर, पर्सॉनिफिकेशन, अ‍ॅलिटरेशन, ऑनोमॅटोपिया. इतकं पाठ झालेलं आणि इतकं कमी समजलेलं पान दुसरं नसेल. कवितांचं परीक्षण प्राध्यापक मंडळी करतातच. याद्या तपासायला बँकेतला कारकून बरा.

तसं हे प्रकरण आपल्याला नवं नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात अलंकार चारच सांगितले होते: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढच्या पंडितांनी त्यावर व्याज चढवत चढवत ते शंभरापलीकडे नेले. पण मराठीच्या तासाची उपमा आणि इंग्रजीच्या तासाची सिमिली या सख्ख्या बहिणी. मध्ये घंटा झाली, की एकमेकींना ओळख दाखवत नाहीत.

गाइडातल्या व्याख्या बिनचूक आहेत. तोच त्यांचा दोष. सिमिली म्हणजे ‘लाइक’ किंवा ‘अ‍ॅज’ घालून केलेली तुलना, असं एकदा छापलं की पोरं कविता वाचत नाहीत, ‘लाइक’ शोधतात. मग ‘आय लाइक मँगोज’ यातही सिमिली सापडते!

आमच्या काउंटरच्या भाषेत सांगायचं, तर उपमा म्हणजे जामीनदार घेऊन दिलेलं कर्ज. ‘बाप वाघासारखा’ म्हटलं, की ‘सारखा’ सही करायला उभा. उद्या बाप झुरळाला घाबरला, तरी कवी हात वर करायला मोकळा. ‘बाप म्हणजे वाघच’ हा मात्र विनातारण व्यवहार. सगळी जोखीम कवीच्या डोक्यावर. ‘जणू’ म्हणत दोघींच्या मधून जाणाऱ्या आपल्या उत्प्रेक्षेला तर या यादीत वेगळं खातंच नाही. कवीनं जोखीम का घेतली, हे यादी विचारत नाही. खरी कविता तिथंच असते.

परभणी जिल्ह्यातल्या पोराला उदाहरणं साहेबाच्या देशातून कशाला आणायची? ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे तो लहानपणापासून ऐकतो. ‘जगात जर्मनी’ ही अ‍ॅलिटरेशन झाली. ‘जर्मनी-परभणी’ हे यमक. कुणी न आणि ण यांचा वाद काढेल, पण आमच्याकडे बोलताना पाण्याचं सर्रास पानी होतं, तेव्हा यमक चोख. अतिशयोक्ती तर उघडच आहे. पण गंमत पुढंच. परगावी कुणी परभणीला नावं ठेवल्यावर गडी छाती काढून हे म्हणतो, तेव्हा ती अतिशयोक्ती. आणि स्कूटर खड्ड्यात आदळल्यावर म्हणतो, तेव्हा आयरनी. शब्द तेच, अलंकार बदलला! म्हणजे अलंकार नुसता शब्दांत नसतो, बोलणाऱ्याच्या आवाजात असतो. यादीला कान नाहीत.

आमच्या गंगाखेडची जनाबाई तर या यादीला पुरती नापास करते. नामदेवांच्या घरची ही दासी. तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळू लागतो, शेण्या वेचतो. गाइड पाठ केलेला मुलगा चटकन लिहील: पर्सॉनिफिकेशन, म्हणजे चेतनगुणोक्ती, निर्जीवाला सजीवाचे गुण दिले आहेत. अरे बाबा, यात निर्जीव कोण? विठ्ठल? जनाबाईच्या लेखी ही कल्पना नव्हे, हजेरी आहे. जात्याला एकटीचा हात पुरत नव्हता, तिथं दुसरा हात आला. आपण त्याला ‘अलंकार’ म्हटलं, की तो हात तिथून काढून घेतो आणि बाई पुन्हा एकटी दळत बसते. एका गुणासाठी हा फार महाग सौदा आहे.

यादी फाडा, असं माझं म्हणणं नाही. नावं हवीतच, नाव नसलेलं खातं आम्हीही उघडत नाही. पण ‘अलंकार ओळखा’ या प्रश्नाखाली आणखी एक प्रश्न घाला: तो काढून घेतला, तर ओळीचं काय नुकसान होईल? नाव सांगितल्याबद्दल एक गुण, नुकसान सांगितल्याबद्दल चार. आणि उत्तरात पाण्याचं पानी झालं, तरी गुण कापू नका.