ऐकवण्याची कला

‘ऐकणे’ या साध्या धातूपासून मराठीने ‘ऐकवणे’ असे जे प्रयोजक रूप सिद्ध केले आहे, त्यात एका स्वतंत्र कलेची सनदच दडलेली आहे, असे मला पुष्कळदा वाटते. गाणारा गातो, ऐकणारा ऐकतो. परंतु या दोघांच्या मध्ये, स्वतः एकही स्वर न लावता, कोणते गाणे कोणाच्या कानी कोणत्या वेळी पडावे याची तजवीज करणारा जो तिसरा इसम असतो, त्याची दखल आपल्या संगीतसमीक्षेने अभावानेच घेतली आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी गदगच्या एका दुकानात ऐकून भीमसेन जोशी नावाच्या मुलाने 1933 साली गुरूच्या शोधात घर सोडले, असे सांगतात. घराण्यांच्या वंशावळी मुखोद्गत असलेल्या आम्हां रसिकांना ती तबकडी लावणाऱ्या दुकानदाराचे नाव मात्र ठाऊक नाही, आणि विचारावे असे कोणाला सुचलेलेही नाही.

या कलेला भांडवल मिळाले ते तबकडीमुळे. 1902 च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यात गौहर जानचे गाणे मुद्रित केले, आणि गाण्याच्या अखेरीस त्या बाईने आपले नाव इंग्रजीत खणखणीत उच्चारले. आज हा प्रकार गमतीचा वाटतो. पण त्यामागे शुद्ध दप्तरी गरज होती. मुद्रणाची मूळ पत्रे छापण्यासाठी जर्मनीतील हॅनोव्हरला जात, आणि तेथील कारागिरांना कोणते गाणे कोणाचे हे कळण्यासाठी आवाजातच दाखला ठेवण्याचा शिरस्ता पडला. आज जुनी गाणी ‘स्वच्छ’ करून प्रसृत करणारे उत्साही लोक पुष्कळदा हा शेवटचा उच्चार अनावश्यक म्हणून कापून टाकतात. सातबाऱ्यावरचे नाव खोडून जमीन मात्र जतन केल्याचे समाधान मानावे, त्यातला हा प्रकार आहे.

ऐकवणे म्हणजे काय, हे मला एका निवृत्त कारकुनाने शिकवले. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी फिरून, भांडी आणि गंजलेली कुलुपे यांच्या ढिगाऱ्यातून त्यांनी तबकड्या जमवल्या होत्या. त्यांच्याकडे बैठकीला तीनच तबकड्या वाजत. चौथीचा आग्रह धरणाऱ्याला पुढच्या खेपेस आमंत्रण नसे. प्रथम मलमलीच्या फडक्याने तबकडी गोलाकार पुसायची, मग पत्र्याच्या डबीतून नवी सुई काढून बसवायची (एका बाजूला एक सुई, हा नियम त्यांनी महागाईतही मोडला नाही), मग चावी भरायची, आणि सुई टेकवण्यापूर्वी केवळ दोन वाक्ये बोलायची. जोहराबाई आग्रेवालीची तबकडी लावताना ते म्हणाले, “फैयाज खाँ या बाईचे गाणे कान देऊन ऐकत. कशासाठी, ते शोधा.” त्यानंतर तीन मिनिटे खरखरीच्या पडद्याआडून तो आवाज येत राहिला, आणि संपल्यावर त्यांनी मत विचारले नाही, लगेच फैयाज खाँसाहेबांची तबकडी लावली. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये त्यांनी स्वतःला उभे केले नाही, यातच त्यांचे सारे कसब होते.

तथापि या संग्राहक मंडळींचे दोष झाकण्यात अर्थ नाही. दुर्मिळ वस्तू हाती आली की तिची मालकी आणि तिचा आनंद यांत गल्लत होते; तबकडी कपाटात, कपाटाची किल्ली कमरेला आणि रसिक दाराबाहेर, अशी वहिवाट अनेक घरांत होती. शास्त्रीय हलगर्जीपणाही थोडा नव्हता. आरंभीच्या काळात तबकडीच्या फेऱ्यांची गती एकसारखी नसे; मागाहून सगळ्याच तबकड्या मिनिटाला 78 फेऱ्यांनी फिरवल्या गेल्यामुळे काळी एकचा गळा काळी दोनचा झाला, तान मुळापेक्षा चपळ झाली, आणि त्या खोट्या चापल्यावर गंभीर टीकालेख लिहिले गेले. 1990 साली मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांच्या संस्थेने याद्या, क्रमांक आणि तारखा यांचा जो नेटका हिशेब मांडण्याचे काम चालवले, त्याचे मोल या बेशिस्तीच्या पार्श्वभूमीवरच ध्यानात येते.

ज्यांची तबकडीच निघाली नाही, त्यांचे काय? भास्करबुवा बखले आणि अल्लादिया खाँसाहेब यांचे गाणे यंत्रात नाही. ते आपल्यापर्यंत पोहोचते शिष्यांच्या गळ्यांतून, आणि गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या गद्यातून. ‘माझा संगीत व्यासंग’ वाचताना जाणवते की लेखणीने ऐकवणे हे सुईने ऐकवण्याहून दुर्घट आहे, कारण तेथे नमुना दाखवून सुटका करून घेता येत नाही. ‘अप्रतिम’, ‘स्वर्गीय’ असली विशेषणे टेंब्यांना परवडणारी नव्हती. ती आज परवडतात. सोबत गाणे जोडलेले असते ना! गाणे धाडणारा म्हणतो, ‘ऐकाच’. का ऐकायचे, हे सांगण्याची तसदी तो घेत नाही. सकाळी भ्रमणध्वनी उघडावा तो नऊ भैरव आणि चार तोड्या येऊन पडलेल्या. त्यांतला एकही धाडणाऱ्याने अखेरपर्यंत ऐकलेला असेल, असा भरवसा वाटत नाही. विपुलता हा दोष नव्हे, आणि दुर्मिळतेचे गोडवे गाणाऱ्यांत मी नाही. किल्ली कमरेला लावणाऱ्यांचे दिवस गेले याचा मला निखळ आनंद आहे. परंतु निवड करण्याचा, म्हणजे नव्याण्णव गोष्टी नाकारण्याचा, जो अधिकार तिसऱ्या इसमाचा होता, तो त्याने राजीखुशीने सोडून दिला आहे, आणि या कलेची आजची अवस्था मला त्यामुळे चिंताजनक वाटते.

निवडीचा कळस कोणता म्हणाल, तर तो 1977 साली अमेरिकेत झाला. व्हॉयेजर यानांवर ठेवावयाच्या सोनेरी तबकडीसाठी हिंदुस्थानी संगीताचा एकच नमुना घ्यावयाचा होता, आणि रॉबर्ट ब्राऊन या संगीतज्ञाने सुचवली ती गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी. मूळ ध्वनिमुद्रिका मिळेना. अखेरीस न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात टेबलाखालच्या खोक्यात ती सापडली. ध्वनिमुद्रणाविषयी सदैव साशंक असलेल्या त्या बाईंचा आवाज ऑगस्ट आणि सप्टेंबरात दोन यानांतून निघाला, आणि 16 सप्टेंबरला मुंबईत त्या निवर्तल्या. जिथे ऐकणारा असेल की नाही हेच ठाऊक नाही, तिथे ऐकवण्याची एवढी काळजी!

माझ्यापाशी एक तबकडी आहे. त्या कारकुनांनीच दिलेली. तिच्यावरचा कागद वाळवीने खाल्ला आहे आणि क्रमांकाची जागा घासून गुळगुळीत झाली आहे. कोण्या बाईंनी पिलूतली ठुमरी गायली आहे. शेवटी त्या आपले नावही सांगतात, परंतु नेमक्या त्याच वळशांत सुईने खोल चरा पाडला असल्यामुळे ‘बाई’ एवढेच ऐकू येते. जाणकार पाहुणा घरी आला की मी ती लावतो आणि तो जे नाव सांगेल ते तारखेनिशी वहीत टिपून ठेवतो. आजवर सात नावे झाली आहेत. परवा एक मुलगी आली होती. तिने नाव सांगितले नाही, पुन्हा एकदा लावा म्हणाली.