हौस, छंद आणि वाहवा

मराठींत ‘छंद’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. मनाला लागलेली ओढ हा एक, आणि पद्यरचनेचें वृत्त हा दुसरा. हे दोन्ही अर्थ एकाच शब्दांत नांदत असले, तरी हौशी कलेविषयीं बोलतांना आपण पहिलाच तेवढा जवळ करतों. जलरंगांत निसर्गदृश्यें रंगविणारे निवृत्त गृहस्थ किंवा फुलांची पात्ररचना करणाऱ्या गृहिणी यांच्या कृतींत ओढ आहे एवढें पुरे. वृत्ताचा, म्हणजे नियमाचा, प्रश्न तेथें काढूं नये, असा संकेत सुशिक्षित घरांतून रूढ झाला आहे. हा संकेत सौजन्याचा भासतो. वस्तुतः तो उपेक्षेचा आहे, असें माझें मत आहे.

या उपेक्षेचें नांव ‘वाहवा’. पाहुणे बैठकींत येतात, यजमान भिंतीवरील नव्या चित्राकडे त्यांचें लक्ष वेधतात, ‘फारच सुंदर!’ असे दोन शब्द उच्चारले जातात आणि चहा येतो. ते शब्द चित्राला उद्देशून नसतात. ती आदरातिथ्याची परतफेड असते. चित्र न पाहिलेलेंच राहतें. याच्या उलट टोकाला ‘नांवें ठेवणें’ आहे. ‘झाड झाडासारखें दिसत नाहीं’ असें म्हणणारा स्वतःस चोखंदळ समजतो. परंतु त्यानेंही चित्र पाहिलेलें नसतें, स्वतःच्या मनांतील झाडाशीं तें ताडलेलें असतें इतकेंच. एकाची जीभ गोड, दुसऱ्याची तिखट. डोळे मात्र दोघांचेही मिटलेले.

मग पाहणें म्हणजे काय? जलरंगाचेंच उदाहरण घेऊं. पारदर्शक जलरंगांत पांढरा रंग बहुधा वापरीत नाहींत. कागदाचा कोरा भाग हाच तेथील प्रकाश. नदीवरील चकाकी रंगवावयाची नसून राखावयाची असते, आणि ती कोठें राखावयाची हें कुंचला उचलण्यापूर्वींच ठरवावें लागतें. तैलरंगांत बिघडलेला भाग खरवडून पुन्हा रंगवितां येतो. येथें अर्धवट वाळलेला थर चाळवला कीं रंग गढूळ होतो. सावळाराम हळदणकर यांचें म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांतील प्रसिद्ध चित्र, ‘ग्लो ऑफ होप’, जलरंगांतीलच आहे. दिव्यावर आड धरलेल्या बोटांतून झिरपणारा तो प्रकाश ज्यानें ध्यान देऊन पाहिला, तो शेजाऱ्याच्या साध्या चित्रापुढेंही सहज विचारील, ‘आकाश एका दमांत भरलें होतें ना? मग क्षितिजापाशीं पुन्हा कुंचला कां फिरविला?’ या एका प्रश्नानें रंगविणाऱ्यास जें मिळतें, तें शंभर वाहवांनीं मिळत नाहीं. आपल्या हाताचा नेमका कोणता क्षण चित्रांत उमटला आहे, हें त्याला कळतें.

फुलांच्या रचनेंत तर हें अधिकच निकडीचें, कारण ती कृति चार दिवसांत कोमेजते. तिला पाहणारे डोळे वेळींच लाभावे लागतात. सोफू तेशिगाहारा यांनीं १९२७ सालीं जपानांत स्थापिलेला सोगेत्सु हा इकेबानाचा संप्रदाय स्वतंत्र रचनेविषयीं प्रसिद्ध आहे. तथापि त्याच्याही आरंभींच्या पाठांत मुख्य फांदीची लांबी पात्राची रुंदी व उंची यांच्या बेरजेच्या सुमारें दीडपट धरावयास शिकवितात. स्वातंत्र्याची वाट मापांतूनच जाते. आपल्याकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास आलेल्या बायका आंब्याची डाळ आणि पन्हें घेत असतां आरास निरखतात, मांडणींतील खुबी विचारून घेतात आणि ती पुढें आपल्या घरीं योजतात. समीक्षेचें याहून सात्त्विक रूप तें कोणतें?

या संदर्भांत विन्स्टन चर्चिल यांचें ‘पेंटिंग ॲज अ पास्टाइम’ हें छोटें पुस्तक वाचण्यासारखें आहे. हिंदुस्थानाविषयींचीं त्यांचीं मतें आपणांस कडूच लागणार. परंतु येथें ते केवळ हौशी चित्रकार म्हणून भेटतात. १९१५ सालीं, डार्डनेल्सच्या अपयशानंतर, वयाच्या चाळिशींत त्यांनीं कुंचला हातीं धरला. कोऱ्या कॅन्व्हसपुढें ते भीत उभे असतां चित्रकार लॅव्हरी यांच्या पत्नीनें कुंचला घेऊन चार धीट फटकारे मारले आणि त्यांची भीति पळाली, हा त्यांतील प्रसंग मोठा रम्य आहे. १९४८ सालीं ग्रंथरूप पावलेल्या या लेखनाचा गुण म्हणजे उत्साह. उणीव ही, कीं हौशी माणसास धाडसाहून अधिक कांहीं लागतें याची त्यांत फारशी दखल नाहीं. परंतु ग्रंथापेक्षां ग्रंथकाराचें आचरण बोलकें आहे. १९४७ सालीं त्यांनीं लंडनच्या रॉयल ॲकॅडमीकडे दोन चित्रें ‘डेव्हिड विंटर’ या टोपणनांवानें धाडलीं, आणि तीं स्वीकृत झालीं. जगाची वाहवा ज्याच्या पायाशीं होती, त्यालाही नांव झांकून निवाडा मागावासा वाटला!

यावर कोणी म्हणेल, ‘हौस म्हणजे विरंगुळा, तेथें परीक्षकाचा चष्मा कशाला?’ आक्षेप अगदींच निराधार नाहीं. जें चित्र पेटींतच राहतें त्याविषयीं कोणीं बोलूं नये. परंतु तें दुसऱ्यापुढें ठेवलें कीं त्यानें एक प्रश्न विचारलेला असतो, आणि प्रश्नाला उत्तर देणें हा साधा शिष्टाचार आहे. हौशी नटांना आपण असें उत्तर देतों. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्यस्पर्धेंत त्यांच्या प्रयोगांचें परीक्षण होतें, आणि त्यामुळें कोणाची हौस मेली असें दिसत नाहीं. हौशी चित्राला हळदणकरांचें माप लावूं नये हें खरें. रंगविणाऱ्यास जें साधावयाचें होतें, त्याचेंच माप लावावें. पण माप लावावें. न पाहतां दिलेल्या स्तुतीनें माणूस सुखावतो, आणि दोन वर्षांनीं रंगांची पेटी माळ्यावर जाते. ओढ ज्याची त्याची असते. वृत्त सांभाळावयास मात्र ऐकणारा कान आणि पाहणारा डोळा शेजारीं असावा लागतो.