खेळाचे रिंगण आणि गावकुसाबाहेरचे मूल

आमच्या आत्मकथनांतल्या बालपणाविषयी मराठी समीक्षेने पुष्कळ लिहिले. पण जे लिहिले ते बहुतांशी भुकेविषयी लिहिले. 'दाहक', 'विदारक', 'अंगावर काटा आणणारे' ही तिची ठरलेली विशेषणे. भूक खोटी होती असे कोण म्हणेल? परंतु या पुस्तकांतली पोरे नुसती उपाशी नाहीत. ती खेळतात, खेळाचे नियम करतात, नियमांवरून भांडतात, म्हणजेच विचार करतात. या विचार करणाऱ्या पोराकडे समीक्षेने फारसे पाहिले नाही. उपाशी पोराची कीव करता येते. विचार करणाऱ्या पोराशी बरोबरीने बोलावे लागते. अडचण बहुधा इथेच असावी.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'च्या (१९८४) आरंभीच शाळेची सहल आहे. सवर्ण मुले कबड्डी खेळतात. महारांच्या पोरांना त्यांच्यात खेळता येत नाही, म्हणून ती आपला वेगळा खेळ मांडतात. शाळा एक, मास्तर एक, रान एक, खेळ मात्र दोन. पुढे जेवणाचा आणि उरल्यासुरल्या तुकड्यांचा प्रसंग येतो आणि वाचणाऱ्याचे सगळे लक्ष तिकडे जाते. अन्नाच्या आधी लेखकाने खेळ ठेवला आहे, या क्रमाला माझ्या मते अर्थ आहे. पंगत तुटण्याआधी रिंगण तुटलेले असते.

रिंगण तुटल्याने बुद्धीच्या अंगाने काय तुटते, हे समजून घ्यायला बालमानसशास्त्राकडे जावे लागते. झाँ पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्वित्झर्लंडमधल्या मुलांच्या गोट्यांच्या खेळाचा अभ्यास मांडला आहे. हा नियम बदलता येईल का, असे ते मुलांना विचारीत. लहान मुले म्हणत, नाही. नियम वडीलधाऱ्यांनी केला, देवाने केला. दहा-अकरा वर्षांच्या पुढची मुले सांगत, सगळ्यांची संमती असेल तर बदलता येईल. हे शहाणपण मोठ्यांच्या आज्ञेतून येत नाही, बरोबरीच्या सोबत्यांशी खेळता-भांडताना येते, असे पियाजे यांचे प्रतिपादन आहे. (जातीचे नियम ईश्वरनिर्मित मानणारे आपले धर्ममार्तंड या हिशेबाने कोणत्या इयत्तेत बसतात, ते वाचकांनीच ठरवावे.)

लेव्ह विगोत्स्की याच्याही पुढे जातो. पियाजे यांच्याच वर्षी, १८९६ साली जन्मलेला हा ज्यू माणूस. झारच्या रशियात ज्यूंच्या विद्यापीठप्रवेशावर टक्केवारीची मर्यादा होती आणि १९१३ साली मॉस्कोत त्याला प्रवेश मिळाला तो सोडतीत नाव निघाले म्हणून. तो कोटा आत घेण्यासाठी नव्हता, अडवण्यासाठी होता. त्याच्या लेखनाचा 'माइंड इन सोसायटी' हा इंग्रजी संग्रह १९७८ साली निघाला. त्याच वर्षी आपल्याकडे दया पवारांचे 'बलुतं' आले. निव्वळ योगायोग, पण ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत असे मला वाटते. विगोत्स्कीचे म्हणणे असे, की विचार आधी माणसामाणसांत असतो आणि मग एकेकाच्या आत उतरतो. मूल आज जे एकट्याने करू शकत नाही ते जाणत्याच्या किंवा जास्त येणाऱ्या सवंगड्याच्या सोबतीने करते. उद्या तेच एकट्याने करते. खेळात तर ते आपल्या वयाच्याही पुढे गेलेले असते.

यासाठी मराठी पोरांकडे स्वतःचा शब्द आहे: कच्चं लिंबू. धाकट्याला खेळात घ्यायचे, पण बाद झाला तरी बाद धरायचे नाही. त्याला पळू द्यायचे, चुकू द्यायचे, मधूनमधून ओरडून सांगायचे. आणि बघता बघता तो पक्का गडी होतो. बी.एड.च्या वर्गात विगोत्स्कीची जड संज्ञा पाठ करणाऱ्या मुलांसमोर मी हा शब्द उच्चारला की ती आधी हसतात आणि मग त्यांना सारे कळते. पण कच्चं लिंबू व्हायलाही आधी कोणी रिंगणात घ्यावे लागते. गावकुसाबाहेरच्या पोराला बाद करण्यापुरतेही कोणी आत घेतले नाही. शिवाशिवीच्या खेळात ज्याला शिवले त्याच्यावर राज्य येते, आणि दुसऱ्याला शिवून तो मोकळा होतो. गावाच्या शिवाशिवीत आमच्यावरचे राज्य पिढ्यानपिढ्या उतरले नाही.

यावरून आमची पोरे बुद्धीने उणी राहिली असा अर्थ काढायला काही पंडित टपलेले असतात. 'घरात वातावरण नाही' हे त्यांचे आवडते वाक्य. मी घरातला पहिला पदवीधर. हे वाक्य माझ्याविषयी कौतुकाच्या सुरात बोललेले मी ऐकले आहे. वातावरण नव्हते म्हणजे काय? वस्तीत सागरगोटे होते, कोडी-उखाणे होते, धाकट्या भावंडाला सांभाळत लंगडी खेळणाऱ्या पोरी होत्या, जयंतीच्या आधी भीमगीतांची तालीम होती. रिंगण होते आणि त्यात बुद्धीही घडत होती. नव्हते ते दोन रिंगणांमधले जाणे-येणे. ते बंद राहिल्याने एकाच बाजूचे नुकसान झाले, असे समजणे हा सवर्णांचा भ्रम आहे. कोलंबियात बाबासाहेबांचे गुरू असलेले जॉन ड्यूई यांनी १९१६ सालीच लिहून ठेवले आहे, की गटागटांत मोकळी देवाणघेवाण नसेल तर वरच्या वर्गाची संस्कृतीही वांझ होते. समाजाच्या थराथरांतून पाझर चालू राहिला पाहिजे, ही ड्यूईंची कल्पना बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये घेतली ती उगीच नव्हे.

कोणी म्हणेल, ही साहित्यिकांची अनुमाने झाली. मग कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा प्रयोग पाहावा. त्यांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीतल्या ६४२ मुलांना, निम्मी वरच्या आणि निम्मी खालच्या मानलेल्या जातींतली, कागदावरचे भुलभुलैये सोडवायला दिले. जात पुकारली नव्हती तिथे दोन्हींच्या कामगिरीत फरक दिसला नाही. जिथे सगळ्यांसमोर मुलाचे नाव, बापाचे नाव, आजाचे नाव आणि जात पुकारली गेली, तिथे खालच्या जातींतल्या मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या घटली. कोडी तीच, वय तेच, पोरेही तशीच.

हे ध्यानात ठेवून 'अक्करमाशी'तला पुढचा प्रसंग वाचावा. दुसऱ्या दिवशी मास्तर सहलीवर निबंध लिहायला सांगतात, या पोराला सुरुवात सुचत नाही आणि मास्तर त्याला हिणवतात. वाचक मास्तरांवर चिडतो, ते ठीकच. पण मला तो न लिहिलेला निबंध महत्त्वाचा वाटतो. सगळी मुले एकाच सहलीला गेली होती असे मास्तरांनी धरले आहे. पोर अडले ते शब्द कमी पडले म्हणून नाही. त्याने दोन सहली पाहिल्या आणि वर्गाची भाषा एकाच सहलीची वाक्ये पुरवते. हे अडणे बुद्धीचे लक्षण आहे, अभावाचे नव्हे.

२०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर 'खेळातून शिक्षण' हा मंत्र अंगणवाडीपर्यंत पोचला आहे. त्याचे स्वागतच करावे. मात्र मी पाहिलेल्या नोंदतक्त्यांत मुलाने ठोकळे किती रचले याला रकाना आहे. कोणाबरोबर रचले, याला नाही. एका प्रशिक्षणवर्गात मी हा रकाना मागितला, तेव्हा 'विषयाला धरून बोला' असे मला सांगण्यात आले.