चौकड्यांचं फडकं आणि ‘आमचं’ हा शब्द



मागच्या व्याख्यानात आपण वस्तू आणि मालकी यांच्याबद्दल बोललो होतो. शेवटी एका बाईंनी विचारलं होतं, ‘सर, वारसा म्हणजेही एक प्रकारची मालकीच ना?’ वेळ संपत आली होती, म्हणून मी ‘पुढच्या वेळी’ असं म्हणून सुटका करून घेतली. खरं सांगायचं तर उत्तर तयार नव्हतं. आज प्रयत्न करतो. उदाहरण जरा लांबचं घेतलंय, कॅरिबियन बेटांवरचं. घरच्या वारशाबद्दल बोलायला लागलं की आपले आवाज लगेच चढतात, म्हणून लांबचं. (हशा)

आधी माझी एक फजिती सांगतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी परदेशात एका परिषदेला गेलो होतो. तिथे मूळच्या ग्वादलूप बेटावरच्या एक प्राध्यापिका आल्या होत्या. शेवटच्या दिवशी रात्रीच्या जेवणाला त्या डोक्याला फडकं बांधून आल्या. लाल, पिवळ्या, हिरव्या चौकड्यांचं. कपाळावर घट्ट ओढलेलं आणि वर टोक उभं राहिलेलं. मी मोठ्या उत्साहानं पुढे झालो आणि म्हणालो, ‘अहो, हे तर आमचं कापड! मद्रासचं!’ बाई हसल्या. त्यांना ते ठाऊक होतंच. तिकडे त्या कापडाला ‘मद्रास’च म्हणतात. मग त्यांनी विचारलं, ‘तुमच्याकडे हे कसं बांधतात?’

मी गप्प. आमच्याकडे त्याची लुंगी होते, रुमाल होतो, फार तर शर्ट होतो. डोक्याला असं कुणी बांधत नाही. बाईंचा प्रश्न साधा होता, त्यात टोमणा नव्हता. पण तो माझ्याबरोबर परत आला.

आता मूळ विषयाकडे येऊ. वारशाचा विचार करताना मी नेहमी एका भाषणाकडे जातो. सेंट लुशिया या छोट्या बेटावर १९३० साली जन्मलेला कवी डेरेक वॉलकॉट याला १९९२ साली नोबेल मिळालं, तेव्हा त्यानं केलेलं ते भाषण. त्याच्या नावाचा अर्थ साधारण असा: आँटिलीज, महाकाव्याच्या स्मृतीचे तुकडे. त्याची सुरुवात कुठे होते माहीत आहे? त्रिनिदादमधल्या फेलिसिटी नावाच्या खेड्यात, रामलीलेच्या मैदानावर! १८४५ पासून पुढच्या सुमारे सत्तर वर्षांत एक लाख चाळीस हजारांच्या वर हिंदी मजूर करारावर त्रिनिदादला गेले. त्यांच्या वंशजांची ही रामलीला. मराठी माणसं त्यांत फारशी नव्हती. आपल्या कोकणातले लोक गेले ते मुख्यतः मॉरिशसला.

वॉलकॉट तिथे पाहुण्यांना घेऊन जातो. धनुष्यबाण घेतलेली पोरं, बांबूचा उंच पुतळा, संध्याकाळी तो जाळायचा. हे सगळं बघताना त्याच्या मनात आधी काय येतं? उसाची शेतं, करारमजुरी, हरवलेला भारत. त्याला ती मूळ गोष्टीची दूरची सावली वाटते. आणि मग तो स्वतःलाच पकडतो. सगळं मैदान आनंदात आहे, पोरं नाटक करत नाहीयेत, त्यांची श्रद्धा आहे, मग यात मी नुकसान का शोधतोय? टीकाकारानं स्वतःची चूक भर सभेत, तीही नोबेलच्या व्यासपीठावर, कबूल करावी हे दुर्मीळ आहे. आम्हा प्राध्यापकांत तर फारच. (हशा)

त्यानंतर तो त्याची सुप्रसिद्ध उपमा देतो. फुलदाणी फुटली, तर तिचे तुकडे जोडताना जे प्रेम लागतं ते ती धड असताना केलेल्या प्रेमापेक्षा मोठं असतं, अशा आशयाची. आफ्रिकेचे तुकडे, आशियाचे तुकडे, नीट न बसणारे, सांधे दिसणारे. आणि ही जोडाजोड म्हणजेच आँटिलीजची कला. ही उपमा मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवली, मला ती फार आवडायची. पण ग्वादलूपच्या त्या बाईंचं फडकं आठवलं की ती मला अपुरी वाटते. का, ते सांगतो.

हे कापड कॅरिबियनमध्ये कसं गेलं? पुष्कळांची समजूत अशी की हिंदी मजूर गेले आणि त्यांनी ते नेलं. तसं नाही. मार्तिनिकला हिंदी मजुरांची पहिली बोट १८५३ साली लागली, ग्वादलूपला १८५४ साली. कापड त्याच्या किती तरी आधीपासून तिथे होतं. ते व्यापारातून गेलं. कोरोमंडल किनाऱ्यावर विणकर ते विणत, युरोपच्या कंपन्या ते विकत घेत. त्यातलं काही कॅरिबियन बेटांवर जाई. आणि हिंदी सुती कापडाचा फार मोठा भाग जाई पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. तिथे त्याच्या बदल्यात काय मिळत असे? माणसं. अठराव्या शतकात गुलामांच्या खरेदीत जो माल मोजला जाई, त्यात हिंदी कापडाचा वाटा मोठा होता.

जरा थांबून विचार करा. मी ज्याला अभिमानानं ‘आमचं कापड’ म्हणालो, त्याच जातीचं कापड मोजून त्या बाईंची एखादी पणजीची पणजी विकत घेतली गेली असण्याची शक्यता आहे. विणकराला हे ठाऊक नव्हतं, त्याच्यावर दोष नाही. पण ‘आमचं’ म्हणायचं असेल तर खातेवही उघडावी लागते. जमेची बाजू तेवढी वाचायची आणि नावेची बाजू दुसऱ्याच्या अंगावर टाकायची, असं चालत नाही.

आता तत्त्वज्ञानातला कुणी म्हणेल, मालकीचा प्रश्न सोपा आहे, जॉन लॉकला विचारा. लॉक म्हणतो, ज्या वस्तूत माणूस आपले श्रम मिसळतो ती त्याची होते. मी हे तीस वर्षं शिकवलं. हेही सांगायला हवं की गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत लॉकचे स्वतःचे पैसे गुंतलेले होते. पण क्षणभर त्याचा सिद्धांतच घेऊ. श्रम कुणाचे? विणकराचे. मग कापड विणकराचं. बरं, मी कुठे विणलं होतं? पुण्यात बसून पुस्तकं वाचणाऱ्या माणसाचा त्यात एक धागा नाही. म्हणजे लॉकप्रमाणे पाहिलं तरी माझं ‘आमचं’ टिकत नाही. ते टिकतं फक्त एका कल्पनेवर, की उगम माझ्या देशात म्हणून वस्तू माझी.

आता दुसऱ्या टोकाचे श्रम बघू. डॉमिनिका बेटावर १७६० च्या दशकात ऑगस्टिनो ब्रुनियास नावाचा इटालियन चित्रकार आला. बेट नुकतंच, १७६३ साली, ब्रिटिशांकडे आलं होतं आणि जमिनी मळेवाल्यांना विकायचं काम सर विल्यम यंग याच्याकडे होतं. त्याच्या पदरी हा चित्रकार. त्यानं बाजार, नाच, नदीवर धुणं धुणाऱ्या बायका, काठ्यांचे खेळ असं खूप रंगवलं. १७९६ साली तो रोझो इथेच वारला. त्याचं कापडबाजाराचं एक चित्र प्रसिद्ध आहे. बायकांच्या डोक्याला फडकी, अंगावर रंगीत घागरे, झगझगीत ऊन. चाबूक कुठे नाही. उसाच्या मळ्यातलं राबणं नाही. जमीन विकायची असेल तर चित्र असंच लागणार. या बेटांच्या जुन्या पोशाखाचा शोध घेताना आज ज्याची चित्रं हमखास पुढे येतात, तो असा मालकाच्या पदरचा चित्रकार आहे. म्हणून वारशाचं चित्र कुणी काढलं, हेही विचारावं लागतं.

पण चित्रकाराच्या नकळत त्या चित्रात एक खरी गोष्ट आली आहे, ती म्हणजे बाजार. गुलामांना आठवड्यातून बहुधा रविवार मिळे. लहानशा तुकड्यावर पिकवलेलं कंद, भाजी, कोंबड्या ते रविवारच्या बाजारात विकत. त्या चार पैशांतून कापड घेतलं जाई. आठवडाभर मालक देईल ते जाडंभरडं नेसायचं आणि रविवारी स्वतःच्या पैशाचं. ज्या बाईच्या शरीरावर कायद्यानं तिची मालकी नव्हती, तिच्या डोक्यावरचं फडकं मात्र तिनं निवडलेलं असे. सत्ताधाऱ्यांनाही हे कळत होतं. १७८६ साली जवळच्या न्यू ऑर्लिन्समध्ये, स्पॅनिश अमलात, गव्हर्नरनं हुकूम काढला की काळ्या आणि मिश्रवर्णी स्त्रियांनी केस फडक्यानं झाकावेत, नटूनथटून हिंडू नये. हेतू कमीपणा दाखवण्याचा. त्यांनी काय केलं? फडकी इतकी सुंदर बांधली की हुकुमाचा हेतूच फुकट गेला.

आणि कापड नुसतं बांधलं नाही. मार्तिनिक, ग्वादलूप या बेटांवर ते रंगवायच्या बायका असत. आलेल्या कापडातल्या फिक्या चौकड्या पिवळा रंग आणि डिंक यांनी हातानं, रेषा सांभाळून भरायच्या. त्यानं कापड ताठ होई आणि उन्हात झळके. मग ते बांधायचं. एक टोक वर ठेवलं तर मन मोकळं आहे, दोन ठेवली तर दिलेलं आहे, तीन म्हणजे लग्न झालेलं, आणि चार म्हणजे... सगळं असूनही प्रयत्न करणाऱ्याला जागा आहे! (हशा) ही सांकेतिक भाषा पूर्वी किती काटेकोर पाळली जाई यावर मी वाद घालणार नाही. आज तिथल्या आज्या नातींना ती हसत हसत सांगतात, माझ्या मुद्द्यापुरतं तेवढं पुरेसं आहे.

आता वॉलकॉटच्या फुलदाणीकडे परत येऊ. फुलदाणी फुटली म्हणायची तर ती आधी धड असावी लागते. जोडणाऱ्याच्या मनात जुना आकार असतो आणि काम कितपत जमलं ते त्या आकारावरून मोजलं जातं. रामलीलेला ही उपमा थोडीफार लागू पडते, कारण रामकथा बरोबर आली होती. पण या फडक्याला जुना आकारच नव्हता. मद्रासमध्ये ते असं बांधत नव्हते. आफ्रिकेत डोकं बांधायची रीत होती, पण हा पिवळा रंग, ही टोकं आणि त्यांचे हे अर्थ इथेच जमले. तिथल्या बायकांनी बाजारातून माल आणला आणि त्याची नवीन गोष्ट केली. त्याला ‘तुकडे’ म्हटलं की आपण पुन्हा मागे बघतो, हरवलेलं अखंड काहीतरी शोधतो. म्हणजे फेलिसिटीच्या मैदानावर वॉलकॉटनं जी चूक स्वतःची म्हणून पकडली, तीच पुढे त्याच्या उपमेत मागच्या दारानं परत आली आहे. माझा आक्षेप एवढाच आहे. तो नोंदवताना मला संकोच वाटतो, कारण चूक पकडायची कशी हे मी त्याच भाषणातून शिकलो.

कुणी म्हणेल, हे सगळं रंजक आहे, पण आज काय? आज डॉमिनिकात ऑक्टोबरअखेर क्रेओल दिवस असतो. शाळेतली पोरं, कचेऱ्यांतले कारकून, सगळे मद्रासचे कपडे घालतात. लांब घागरा आणि भरतकामाचा पांढरा झगा असलेल्या, ‘वॉब द्वियेत’ नावाच्या पोशाखाच्या स्पर्धा होतात. छान आहे. पण तेच चौकडे हॉटेलात वाढणाऱ्या मुलींच्या गणवेशावर असतात, विमानतळावरच्या बाहुल्यांवर असतात. बांधायला नको म्हणून टोपीसारखी तयार शिवलेली फडकीही मिळतात. बेटांची पर्यटकांच्या माहितीपत्रकात जी दशा होते, तिच्याबद्दल वॉलकॉट त्याच भाषणात कडवट बोलतो. त्याच्या त्या कडवटपणाशी मी पूर्ण सहमत आहे.

याच्या उलट उदाहरण जमैकाच्या लुईस बेनेट यांचं. जन्म १९१९चा. सगळे त्यांना मिस लू म्हणत. त्या लोकबोलीत कविता म्हणायच्या आणि रंगमंचावर तिथल्या चौकड्यांच्या कापडाचा, बँडानाचा, पोशाख करून यायच्या. प्रतिष्ठित लोकांच्या लेखी ती बोली गावंढळ आणि ते कापड बाजारकरणीचं, मोलकरणीचं. त्यांनी दोन्ही एकदम अंगावर घेतलं. आज तोच पोशाख राष्ट्रीय मानला जातो. आणि बघा, ‘बँडाना’ हा शब्द आपल्या ‘बांधणे’च्याच कुळातला. आपल्याकडून कापड गेलं तसं क्रियापदही गेलं. पण गाठ कशी मारायची ते तिथल्या बायकांनी ठरवलं.

तर त्या दिवशीच्या बाईंना माझं उत्तर. मालकीची वस्तू विकता येते, वाटून घेता येते, कुलपात ठेवता येते. वारसा कुलपात ठेवला तर वस्तू राहते, पण ती कशी वापरायची हे सांगणारं कुणी उरत नाही. ग्वादलूपच्या बाई नंतर जेवताना म्हणाल्या होत्या, की फडकं बांधायला त्यांना आजीनं शिकवलं. आरशासमोर उभं करून, मागून हात घालून. ते विशिष्ट फडकं केव्हाच विरलं. आत्ता डोक्यावर होतं ते त्यांनी दुकानातून घेतलेलं, बहुधा यंत्रावर विणलेलं. तरी त्यांच्या हाताला आजीची गाठ येत होती. आजीचं म्हणून त्यांच्याकडे आलेलं होतं ते हेच.

मग आपण काय म्हणावं? ‘हे आमच्याकडून गेलं’ असं जरूर म्हणावं, ते खरं आहे. त्याच्या पुढचं वाक्य प्रश्नाचं असावं, ‘तुम्ही त्याचं काय केलंत?’ मी त्या रात्री हे विचारायला हवं होतं. मी उगम सांगत बसलो आणि विचारायचं काम बाईंनी केलं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ. ‘पुढच्या वेळी’ असं आज म्हणणार नाही. (हशा)