काठ सरळ, पाणी वाकडं

सहा फूट लांब आणि जेमतेम सव्वा फूट उंच. मेहकरला लग्नाचे अल्बम करणाऱ्या माझ्या एका मित्राच्या दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर हे छायाचित्र टांगलेलं आहे. लोणारच्या विवराच्या नैर्ऋत्य काठावर उभं राहून, पावसाळा सरता सरता, दुपार कलल्यावर घेतलेल्या आठ फ्रेम जोडून ते झालंय. गिऱ्हाईक त्याच्याकडे बघतं, ‘लोणार ना?’ म्हणतं आणि बारशाच्या फोटोंचा भाव विचारतं. वाईट वाटतं, कारण या चित्रात पाहण्यासारखं जे आहे, ते पहिल्या नजरेला ‘बरोबर’च वाटतं आणि म्हणून दिसत नाही.

विवराचा काठ गोल आहे, व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. हे शाळेत असल्यापासून आपल्याला माहीत असतं. चित्रात मात्र तो काठ डावीकडून उजवीकडे जवळपास पट्टीने आखल्यासारखा सरळ जातो. गोलाई कुठे गेली? ती गेली खाली, पाण्यात. काठ सगळीकडे साधारण सारख्याच उंचीचा आणि आपणही काठावरच उभे, म्हणजे पलीकडचा काठ बरोबर डोळ्याच्या पातळीला येतो, आणि त्या पातळीला जे असेल ते अशा चित्रात सरळच उमटतं. पाणी दीडएकशे मीटर खाली. त्यामुळे त्याची पलीकडची कड काठाला जवळपास समांतर राहते, अलीकडची मात्र पोट सुटल्यासारखी खाली उतरते. वर सरळ रेघ आणि खाली धनुष्य, या दोहोंतला ताण हाच या चित्राचा प्राण आहे. विवर किती खोल, हे आकडा न सांगता कळतं ते या ताणातून.

गंमत दोन्ही टोकांना आहे. वर्तुळाच्या कडेवर उभं राहिलं की सगळं वर्तुळ बरोबर समोरच्या 180 अंशांत मावतं. त्यापलीकडे बाजूला वळायची गरजच नाही. म्हणून हे चित्र 180 अंशांवर थांबतं, आणि नेमकं तिथेच थांबायला हवं होतं. मध्यभागी काठ दोन किलोमीटरला थोडा कमी इतका दूर, झाडी म्हणजे नुसता हिरवा पोत. डाव्या-उजव्या टोकांकडे तोच काठ जवळ येत येत शेवटी पायाशी लागतो. डाव्या कोपऱ्यात सीताफळाची एक फांदी आहे, तिची पानं न् पानं मोजता येतात. त्याच फांदीपाशी जोड आहे आणि तो दिसत नाही. जाणत्याने इथे थांबून दाद द्यावी. कॅमेरा नुसता तिपाईवर फिरवला की जवळची फांदी मागच्या डोंगराच्या तुलनेत सरकते. मग दोन फ्रेम जुळताना एकतर डोंगर जुळतो नाहीतर फांदी. हे टाळायचं तर कॅमेरा भिंगातल्या एका विशिष्ट बिंदूभोवती फिरवावा लागतो. फोटोवाले त्याला नोडल पॉइंट म्हणतात. त्यासाठी तिपाईवर पट्टी लावून कॅमेरा मागे सरकवायचा, फिरवून बघायचा, पुन्हा सरकवायचा. या बैठकीचं फळ त्या एका फांदीत आहे.

पलीकडच्या काठावर, मध्याच्या आसपास, लोणार गाव आहे. शहराची म्हणून जी आकाशरेषा असते ती इथे फार कंजूष आहे. विवराचा काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर उंच असल्यामुळे गाव त्यामागे दडतं. गावातलं जे उंच तेवढंच डोकावतं: एक पाण्याची टाकी, मोबाईलचे दोन मनोरे, काही गच्च्या. दैत्यसूदनाचं देऊळ घरांच्या गर्दीत, ते दिसत नाही. मला ही कंजुषी आवडते. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा लोणारची छायाचित्रं घरोघरी पोचली होती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचं कारण खारट पाण्यातल्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांत शोधलं. त्या छायाचित्रांत रंग होता, पण जागा फारशी नव्हती. इथे पाणी नेहमीचं शेवाळी हिरवं आहे आणि जागा पुरेपूर आहे.

‘आभाळ जोडाले लय तरास देते,’ मित्र म्हणाला होता. खरंच आहे. जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला दोन फ्रेममध्ये सामाईक खुणा लागतात. कॅनडातल्या डेव्हिड लो यांनी 1999 मध्ये अशा खुणा यंत्राला ओळखता येतील अशी पद्धत मांडली, तेव्हापासून हे काम फार सोपं झालं. बेसाल्टचे कडे, झाडी, घरं यांत खुणा हव्या तेवढ्या. निरभ्र आभाळात आणि संथ पाण्यात एकही नाही. त्यात सूर्य डाव्या खांद्यामागे, म्हणून डावीकडचं आभाळ फिकट, उजवीकडे निळं दाट होत गेलेलं. एक्स्पोजर कॅमेऱ्यावर सोपवलं असतं तर प्रत्येक फ्रेमचा उजेड वेगळा पडून पट्टे उमटले असते. त्याने आठही फ्रेमना एकच एक्स्पोजर ठेवलं आणि पोलरायझर पिशवीतच राहू दिला. आभाळ डावीकडून उजवीकडे कुठेही न अडखळता गडद होतं.

एक खोड त्याने ठेवली आहे. पाण्यावर घार दोनदा दिसते. कॅमेरा उजवीकडे वळत गेला, तीही तिकडेच निघाली होती. पुसणं एका मिनिटाचं काम. पण त्यामुळे कळतं की हा एक क्षण नव्हे. छायाचित्रकार मायब्रिजने 1878 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टेकडीवरून, मार्क हॉपकिन्स यांच्या अर्धवट बांधलेल्या वाड्यातून, 13 काचांवर सबंध शहर टिपलं, पाच मीटरहून लांब. ओल्या काचा, प्रत्येक जागेवरच तयार करायची आणि जागेवरच धुवायची, त्यामुळे तास लोटले आणि सावल्या काचेगणिक सरकल्या. तिथे वेळ सावल्यांतून वाचावी लागते. इथे घारीवरून. मला विचाराल तर मी दुसरी घार पुसली असती. ती पाण्याच्या धनुष्यावरून नजर ढळवते. यावरून आमचं जमत नाही.

खरी उणीव मात्र टांगण्यात आहे. सपाट भिंतीवर पाणी जेवढं वाकडं दिसतं तेवढं ते नाही. हेच चित्र अर्धगोलात वाकवून, त्याच्या मध्यबिंदूवर, म्हणजे कागदापासून दोनएक फुटांवर डोळा ठेवला, की पोट आत जातं आणि सरोवर पुन्हा आडवं पडतं. मी हे सांगितल्यापासून मित्र लवचीक प्लायच्या शोधात आहे. दुकानाचा कोपरा मापून झालाय. अडचण एवढीच की तिथे सध्या झेरॉक्सचं मशीन आहे आणि पैसे तेच कमावतं.